बाकावरचा गडी आणि कोपऱ्यावरचा चेंडू

रात्रीची जेवणे आटोपली आहेत. भांडी जागच्या जागी गेली आहेत. घराच्या एका कोपऱ्यात आपला मुलगा, किंवा कदाचित आपली मुलगी, संगणकाच्या पडद्यासमोर कपाळाला आठ्या घालून बसली आहे. पडद्यावर ना धावपळ, ना गोळीबार. दिसतात त्या केवळ नावांच्या आणि आकड्यांच्या रांगा. "काय चालले आहे?" असे आपण विचारता. उत्तर येते, "बुधवारच्या सामन्यात कोणाला बसवावे, तेच ठरत नाही." आपण मान हलविता आणि मनात म्हणता, हा कसला खेळ?

वाचकहो, हा खेळ फुटबॉलचा आहे. मात्र तो पायांनी खेळावयाचा नाही. ह्यात आपण खेळाडू नसतो, आपण असतो संघाचे व्यवस्थापक. इंग्लंडमध्ये केव्हिन टॉम्स ह्यांनी १९८२ साली 'फुटबॉल मॅनेजर' नावाचा असा एक खेळ प्रथम बाजारात आणला. पुढे १९९२ साली पॉल व ऑलिव्हर कॉलियर ह्या दोघा भावांचा 'चॅम्पियनशिप मॅनेजर' आला आणि २००४ सालापासून त्याचीच परंपरा 'फुटबॉल मॅनेजर' ह्या नावाने चालू राहिली. खऱ्या जगातील खऱ्या खेळाडूंचे गुण त्यात १ ते २० अशा मोजपट्टीवर नोंदलेले असतात: धाव किती, दम किती, उडी किती उंच, धीर किती. ही माहिती इतकी बारकाईने गोळा केलेली असते की, एव्हर्टन ह्या नामांकित इंग्रजी क्लबाने खेळाडूंच्या शोधासाठी ती वापरण्याचा करार २००८ साली केला होता. पोरखेळ म्हणून ज्याकडे आपण पाठ फिरवितो, त्याची अशी दखल जाणत्यांनी घेतलेली आहे.

ह्या खेळात व्यवस्थापकापुढे प्रश्न अनेक येतात. परंतु त्यांतील दोन असे आहेत की, त्यांवर नवशिक्याची आणि मुरलेल्याची पारख व्हावी. पहिला प्रश्न, विश्रांती कोणाला द्यावी? आणि दुसरा, चेंडू थांबलेला असताना कोणी कोठे उभे राहावे? दोन्ही प्रश्न साधे दिसतात. दोहोंची उत्तरे मात्र सामना सुरू होण्यापूर्वी द्यावी लागतात.

प्रथम विश्रांतीचा विचार करू. नवशिक्या व्यवस्थापक आपले सर्वोत्तम अकरा खेळाडू निवडतो आणि प्रत्येक सामन्यात त्यांनाच उतरवितो. पहिले दोन महिने विजयांचे जातात. तिसऱ्या महिन्यात पाय जड होऊ लागतात. एकाचा स्नायू दुखावतो, दुसऱ्याचा गुडघा. आणि ज्यांना कधी मैदान दाखविले नाही, अशा राखीव खेळाडूंवर अवघ्या हंगामाचा भार पडतो.

ह्यात अतिशयोक्ती नाही, हे खऱ्या फुटबॉलकडे पाहिले तरी पटेल. लिव्हरपूल संघाने २०२१-२२ च्या हंगामात ४१ आठवड्यांत ६३ सामने खेळले. ज्या चार स्पर्धांत तो उतरला, त्यांतील एकही सामना खेळावयाचा उरला नाही. त्यांपैकी दोन चषक त्याने जिंकले. इंग्लंडची लीग केवळ एका गुणाने हुकली आणि युरोपच्या अंतिम सामन्यात एका गोलाने हार पत्करावी लागली. त्या हंगामात इंग्लंडच्या लीगमध्ये एका सामन्यात तीनच बदली खेळाडू घेता येत. पाच बदल्यांची मुभा तेथे पुढील हंगामापासून मिळाली. एवढ्या सामन्यांचे ओझे अकरा माणसांच्या खांद्यांवर कसे पेलावे? ते बावीस-पंचवीस जणांच्या खांद्यांवर वाटूनच घ्यावे लागते.

परंतु विश्रांती देणे म्हणजे सरसकट सर्वांना बसविणे नव्हे. पडद्यावर प्रत्येक खेळाडूविषयी दोन निराळ्या खुणा दिसतात. एक खूण अंगातील ताजेपणाची, दुसरी सामन्याच्या सरावाची. विश्रांतीने ताजेपणा भरून येतो. पण पुष्कळ दिवस न खेळल्यास सरावाची धार बोथट होते. सुरी सतत वापरली तर झिजते आणि फडताळात ठेवून दिली तर गंजते, तसाच हा प्रकार. व्यवस्थापकाचे कौशल्य आहे ते झीज आणि गंज ह्यांच्यामधली वाट काढण्यात.

ह्यासाठी काही साधे नियम अनुभवी मंडळी पाळतात. ते आपणही ध्यानात ठेवावेत. प्रत्येक जागेसाठी दोन गडी तयार असावेत. एका वेळी तीन किंवा चारच बदल करावेत. गोलरक्षक, बचावाचा आधारस्तंभ आणि मधल्या फळीचा सूत्रधार असा संघाचा कणा शक्यतो एकदम हलवू नये, कारण परस्परांची सवय तुटली की चांगले खेळाडूही परक्यासारखे वागू लागतात. निवड करताना कालच्या सामन्याची शाबासकी मोजण्यापेक्षा येत्या दहा दिवसांचे वेळापत्रक समोर ठेवावे. आघाडी मिळाली असेल तर साठाव्या मिनिटालाच थकलेल्यांना बाहेर घ्यावे. विश्रांतीची ती अर्धी घटका पुढच्या सामन्यात कामी येते. ज्या आठवड्यात तीन सामने असतील, त्या आठवड्यात सरावाचा जोरही कमी करावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बाकावरच्या गड्याला विसरू नये. ह्या खेळातील खेळाडूंना मन असते. करार करतानाच आपण त्याला सांगितलेले असते की, तू संघाचा मुख्य खेळाडू आहेस किंवा प्रसंगी उपयोगी पडणारा आहेस. तो शब्द पाळला नाही तर तो नाराज होतो, व्यवस्थापकाच्या खोलीचे दार ठोठावतो आणि त्याचे मित्र त्याची बाजू घेऊ लागतात. एका माणसाची नाराजी पाहता पाहता साऱ्या घराची होते. जे खरे आहे ते आधीच आणि स्पष्ट सांगितलेले बरे, हे संसारी माणसास वेगळे शिकवावयास नको.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. फुटबॉल हा वाहत्या चेंडूचा खेळ खरा. परंतु त्यात चेंडू वारंवार थांबतो. कॉर्नर असो, फ्री किक असो वा बाजूच्या रेषेवरून हाताने आत फेकलेला चेंडू असो, त्या क्षणी सारे जण आपापल्या जागी उभे असतात. प्रतिस्पर्ध्याला कॉर्नरच्या चापापासून ९.१५ मीटर दूर राहावे लागते आणि कॉर्नरवरून थेट आलेला चेंडू घेणारा ऑफसाइड ठरत नाही. म्हणजे बुद्धिबळाचा पट मांडावा तशी आपली माणसे मांडण्याची ही एकमेव संधी. इंग्रजीत हिला 'सेट पीस' म्हणतात आणि तोच शब्द आता आपल्याकडेही रूढ झाला आहे.

शंभर कॉर्नरांतून गोल होतात ते जेमतेम तीन-चार. एवढ्यासाठी का श्रम घ्यावेत, असे आपणांस वाटेल. पण ज्या संघाकडे मोठे खेळाडू नाहीत, त्याचे भाग्य ह्या तीन-चारांतच दडलेले असते. २००४ सालच्या युरोपियन स्पर्धेत ग्रीसकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. उपान्त्य सामन्यात चेक प्रजासत्ताकाविरुद्धचा एकमेव गोल डेलास ह्याने कॉर्नरवर डोक्याने केला. लिस्बनच्या अंतिम सामन्यात यजमान पोर्तुगालविरुद्धचा एकमेव गोलही कॉर्नरवरूनच, हरिस्तियासच्या डोक्याने झाला. दोन कॉर्नरांनी एक देश युरोपचा विजेता झाला! २०१८ च्या विश्वचषकात इंग्लंडने १२ गोल केले; पेनल्टी धरून त्यांतील ९ थांबलेल्या चेंडूवरचे होते.

संगणकावरील खेळात ही मांडणी आपणांस स्वतः करावी लागते. कॉर्नर कोणी घ्यावा, हे पहिले. डाव्या कोपऱ्यावरून उजव्या पायाने मारलेला चेंडू वळत गोलाकडे येतो. डाव्या पायाने मारला तर तो गोलापासून दूर वळतो. मग उंच उडीचा आणि डोक्याने अचूक मारणारा गडी जवळच्या खांबाकडे धावेल, दुसरा दूरच्या खांबाशी थांबेल, एक जण गोलरक्षकाच्या समोर त्याची वाट अडवून उभा राहील, लांबून जोरदार फटका मारणारा एक जण चौकटीबाहेर परतणाऱ्या चेंडूची वाट पाहील. आणि दोघे-तिघे वेगवान खेळाडू मागे राहतील. ह्या शेवटच्यांना विसरू नका. प्रतिस्पर्ध्याने जितके गडी पुढे ठेवले असतील त्याहून एक अधिक आपण मागे ठेवावा. नाही तर आपलाच कॉर्नर आपल्यावर गोल होऊन परतावयाचा.

पूर्वीच्या काही आवृत्त्यांत जवळच्या खांबावर एक चांगला उंच बचावपटू उभा केला की तो अशक्य वाटावे इतके गोल करीत असे. कर्त्यांनी ती पळवाट पुढे बुजविली. २०२३ साली आलेल्या आवृत्तीत तर सेट पीससाठी स्वतंत्र प्रशिक्षक नेमण्याची सोय झाली. तीही वास्तवाला धरूनच. कारण मोठे क्लब असे तज्ज्ञ खरोखरीच नेमू लागले आहेत. बाजूच्या रेषेवरून चेंडू कसा फेकावा, एवढेच शिकविण्यासाठी लिव्हरपूलने २०१८ साली टॉमस ग्रोनेमार्क ह्यांना पाचारण केले होते.

येथवर दोन्ही प्रश्न वेगवेगळे दिसले. ते एकच आहेत, हे मला माझ्या भाचीने शिकविले; आणि ते कसे, हे कबूल करणे भाग आहे. तिच्याच आग्रहाने मी हा खेळ हाती घेतला आणि इंग्लंडच्या खालच्या श्रेणीतील एका लहान संघाचा व्यवस्थापक होऊन बसलो. हंगामाच्या अखेरीस वरच्या श्रेणीत जाण्याची संधी अगदी दाराशी आली. तीन दिवसांनी कठीण सामना होता, म्हणून मी शहाणपणाने आमच्या उंच, थकलेल्या बचावपटूस विश्रांती दिली आणि त्याच्या जागी एकोणीस वर्षांचा एक चपळ पण ठेंगणा मुलगा उतरविला. ८८ व्या मिनिटाला प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळाला. त्यांच्या सर्वांत उंच गड्याने उडी घेतली आणि आमचा मुलगा त्याच्या खांद्याशीही पोचला नाही. सामना बरोबरीत सुटला. हंगाम संपला तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो.

मी चिडून त्या मुलाला दंड करावयास निघालो. भाची शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "मामा, त्याची काय चूक? त्याला तिथं तूच उभा केलास."

तिने मला मांडणीचा तक्ता उघडून दाखविला. मी खेळत असलेल्या आवृत्तीत कॉर्नरच्या वेळची कामगिरी माणसाला नव्हे, तर मैदानावरील जागेला जोडलेली होती. उंच खेळाडू बाहेर गेला, पण त्याचे काम तेथेच राहिले, आणि ते त्या ठेंगण्या मुलाच्या वाट्याला आपोआप आले. मी माणूस बदलला होता, त्याचे काम बदलले नव्हते. तेव्हापासून एक नियम मी कटाक्षाने पाळतो: ज्याला विश्रांती देतो, त्याची सर्व कामे आधी कागदावर लिहितो. कॉर्नर कोण घेईल, पेनल्टी कोण मारील, उंच गड्याला कोण अडवील. आणि येणाऱ्याच्या अंगी जे आहे तेवढेच त्याच्याकडे सोपवितो. उरलेले दुसऱ्याला देतो.

माणसाची आजची शक्ती पाहून त्याचे काम ठरविण्याचा हा धडा आपल्या देशाच्या फुटबॉलनेही एकदा उज्ज्वलपणे गिरविला आहे. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम ह्यांचा खंबीर बचावपटू जर्नैलसिंग डोक्याला जखम होऊन जायबंदी झाला. त्या काळी सामना चालू असताना खेळाडू बदलण्याची आजच्यासारखी मोकळीक नव्हती. रहीम ह्यांनी त्याला उपान्त्य व अंतिम सामन्यात बचावात न ठेवता आघाडीवर पाठविले. दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला. अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी व जर्नैलसिंग ह्यांच्या गोलांनी भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरविले आणि सुवर्णपदक मिळविले. स्पर्धेच्या आरंभी ह्याच कोरियाने आपल्याला पराभूत केले होते!

ह्या खेळाचे गुणगान करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. पडद्यावर माणसाचा दम आकड्यात दिसतो. घरात, कचेरीत, शेतावर तो तसा दिसत नाही. तेथे तो विचारून, पाहून, जाणून घ्यावा लागतो. शिवाय एक हंगाम पुरा करावयास कित्येक संध्याकाळी खर्ची पडतात. खेळाडूंना विश्रांती देणाऱ्या व्यवस्थापकाने स्वतः मात्र रात्री दोन वाजेपर्यंत जागावे, हे त्याच्या तत्त्वात बसत नाही. वेळेची सीमा घरातील वडीलधाऱ्यांनी आखून द्यावी आणि तीही आधीच, शांतपणे. खेळ ऐन रंगात आला असताना वीज बंद करून नव्हे.

आणि तरीही, पुढच्या वेळी ती आठ्या घातलेली मूर्ती दिसली, तर तिला रागावण्यापूर्वी एक खुर्ची ओढून शेजारी बसा. विचारा, "आज विश्रांती कोणाला? आणि त्याचे काम कोणाकडे?" उत्तर ऐकण्यासारखे असेल. कदाचित उद्या सकाळी चहाच्या वेळी, ह्या घरात वर्षानुवर्षे एकही दिवस बाकावर न बसलेले कोण आहे, हा प्रश्नही त्याच मुलाच्या मनात उभा राहील, आणि तो उठून स्वतः चहाचे आधण ठेवील.