माळावरची टिचकी

गोरोबाकाकांची यात्रा तेरला चैत्राच्या वद्य पक्षात भरते. त्या आठवड्यात आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. यंदा लातूरहून नातू आणि धाकटी नात आली, आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांची आजी दोघांना घेऊन माठ आणायला गेली. तिनं पाच माठ एकेक करून उचलले. प्रत्येकाला बोटाच्या पेरानं टिचकी मारली, कान लावला आणि चार परत ठेवले. पाचव्याचे पैसे दिले.

"आजी, सगळे सारखेच तर दिसायलेत," नात म्हणाली.

"दिसतेत सारखे. वाजत न्हाईत सारखे."

रात्री ओट्यावर ही हकिकत माझ्या कानावर आली. मी दोघांना म्हटलं, उद्या पहाटे चारला उठलात तर माळावर जाऊ. ही टिचकी पाखरंसुद्धा मारतात, ते दाखवतो.

उठली दोघंही. निघण्याआधी मी त्यांना माळाचे नियम सांगितले. भडक कपडे नकोत. मोबाइल बंद. बोलायचं ते कुजबुजून. पाखरं जागी व्हायच्या आत आपण जागेवर बसायचं, आणि ती आपल्या मर्जीनं पांगल्याशिवाय उठायचं नाही. पाखरू उडालं तर त्याच्या मागं धावायचं नाही, कारण चैत्रात माळावर कुठल्या पावलाखाली अंडं असेल सांगता येत नाही. बॅटरीच्या उजेडात गाव मागं टाकलं, बरडावर चढलो आणि तरवडाच्या एका झुडपाआड पोतं अंथरून बसलो. पूर्वेला अजून काळंच होतं. तेरणेच्या बाजूनं गार वारा येत होता.

पहिला आवाज तित्तराचा. खालच्या बांधावरून एक नर ओरडला, "क-तीतर, क-तीतर." लगेच पलीकडच्या घळीतून दुसऱ्यानं उत्तर दिलं, मग तिसऱ्यानं.

"भांडायलेत का ओ आबा?"

"हद्द सांगायलेत. हा बांध माझा, ती घळ तुझी. आणि कुठं तित्तरीण ऐकत असेल तर तिलाही सांगायलेत, की मी इथं आहे, धडधाकट आहे."

उजाडायला वेळ होता, म्हणून मी त्यांना या तित्तराच्या परदेशातल्या चुलत भावाची गोष्ट सांगितली. त्याचं नाव ग्राउज. कोंबडी, तित्तर, मोर यांच्याच कुळातला हा पक्षी थंड मुलखात राहतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या माळांवर त्याची एक मोठी जात आहे, सेज ग्राउज. तिकडं वसंत आला, म्हणजे मार्च ते मेच्या सुमाराला, की पहाटेच्या अंधारात नर एका मोकळ्या जागी जमतात. वीस-पंचवीस असतात, कुठं शंभरही. जागा वर्षानुवर्षं तीच. प्रत्येक जण आपल्या हातभर जमिनीवर उभा राहतो, टोकदार शेपटीचा पंखा उभारतो आणि छातीवरच्या दोन पिवळ्या पिशव्या हवेनं फुगवतो. घागर पाण्यात बुडवताना बुडबुड होते ना, तसा आवाज त्या पिशव्यांतून निघतो. माद्या येतात आणि नरांच्या मधून सावकाश हिंडतात. बघतात, ऐकतात, पुढं जातात. पुष्कळ वेळा एवढ्या मेळ्यातल्या एकदोघांच्याच गळ्यात माळ पडते. बाकीचे दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हजर. तिकडची माणसं हे बघायला वाटाड्या घेऊन जातात आणि आपल्यासारखीच अंधारात जाऊन गाडीत गप्प बसून राहतात.

या मेळ्याला शास्त्रज्ञ 'लेक' म्हणतात. शब्द स्वीडिश भाषेतला, अर्थ खेळ. नात हसली आणि म्हणाली, "लेक म्हणजे तर मुलगी." मी म्हटलं, आपला अर्थ इथं जास्त चपखल बसतो बघ. त्या रिंगणात निवड लेकीचीच असते. चार्ल्स डार्विननं १८७१ साली हे लिहिलं की पाखरांत मादी निवड करते आणि तिच्या निवडीतूनच नराची शेपटी, तुरा, नाच पिढ्यान् पिढ्या वाढत जातो. तेव्हा मोठमोठ्या विद्वानांना ते पटलं नव्हतं. मादी काय निवडणार, असं त्यांना वाटायचं.

"पण नाच बघून काय कळतंय?" नातवानं विचारलं. "नाचला म्हणजे चांगला का?"

हा प्रश्न यावा म्हणूनच मी थांबलो होतो.

गोरोबाकाकांची परीक्षेची गोष्ट तेरच्या पोरांना सांगावी लागत नाही, पण ही लातूरची होती. एकदा संतमंडळी काकांच्या घरी जमली. कोपऱ्यात थापटणं पडलं होतं. मुक्ताबाईनं विचारलं, काका, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं. मग मुक्ताई म्हणाली, आमचीही मडकी तपासा की. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे शांत बसले, फक्त नामदेव कळवळले, आणि काका म्हणाले, एवढं एक मडकं कच्चं आहे.

बाहेरून रंगवलेलं कच्चं मडकं आणि भट्टीतून निघालेलं पक्कं मडकं, दोन्ही शेजारी ठेवली तर डोळा फसेल. टिचकी फसत नाही, कारण पक्क्या मडक्याचा आवाज काढायला खरोखर भट्टीतून जावंच लागतं. पाखराचा नाच तसाच आहे. भल्या पहाटे उघड्या रानात, जिथं ससाणाही बघतो आणि कोल्हाही, तिथं रोज नाचायचं म्हणजे पोटात दाणा हवा, रक्त निरोगी हवं, डोळा सावध हवा. आजारी नराला तो देखावा महिनाभर निभवता येत नाही. १९७५ साली इस्रायलच्या अमोत्स झहावी यांनी हाच विचार मांडला की खूण जितकी महाग तितकी ती खोटी करणं अवघड. आणि ही किंमत नुसती बोलण्यापुरती नाही. माळढोकाचा एक नातेवाईक आहे, हुबारा. मोरोक्कोतल्या हुबाऱ्यांवर कित्येक वर्षं नोंदी ठेवल्या, तेव्हा २०११ साली दिसून आलं की तरुणपणी जे नर सगळ्यांत जास्त नाचले, त्यांची बीजशक्ती इतरांच्या आधी ओसरली. आयुष्यातलं काही खर्ची घालूनच ते नाचतात.

ग्राउजचा नर घरटं बांधत नाही, पिलांना चारा आणत नाही. मादीला त्याच्याकडून मिळतं ते एवढंच, पिलांसाठी बियाणं. मग शेतकरी जसा बियाणं हातावर घेऊन निरखतो, तशी ती निरखते.

"आपल्याकडं न्हाई का असला?"

"होता. माळढोक. नान्नजच्या माळावर मी बघितलाय."

नान्नज आमच्याकडून वैरागमार्गे सोलापूरच्या रस्त्याला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर त्या भागातल्या माळांवर चर खणून, चराई थांबवून गवत राखलं गेलं. गवत वाढलं, टोळ-भुंगेरे वाढले आणि माळढोक त्या कुरणांत दिसू लागले. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. पुढं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी तिथं तळ ठोकून अभ्यास करत होते. मी तेव्हा तिशीचा, नोकरीला बार्शीला. श्रावणातल्या एका पहाटे वनखात्याच्या एका पहारेकऱ्यानं मला गवताच्या आडोशाला नेऊन बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. ग्राउज वसंतात नाचतो. आपल्या दख्खनचा माळढोक बहुतेक पावसाळ्यात नाचतो, कारण आपल्याकडं किडामुंगीची सुगी तेव्हाच असते.

धुकं विरळ झालं आणि लांबवर एक पांढरा ठिपका दिसला. मला वाटलं कुणी धोतर वाळत घातलंय. पहारेकऱ्यानं दुर्बीण दिली. तो नर होता. माळढोक उभा राहिला की तुमच्या कमरेच्या वर येतो, नराचं वजन बारा-चौदा किलोसुद्धा भरतं, आणि एवढा देह घेऊन तो उडतो. उडणाऱ्या पाखरांत याच्याहून जड फारच थोडी. पायाला मागचं बोट नाही, म्हणून झाडावर बसत नाही. सगळा जन्म जमिनीवर. डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी, पाठ मातीच्या रंगाची.

तो एका उंचवट्यावर चढला. शेपटी उलटी करून पाठीवर टाकली, मान ताठ केली आणि त्याच्या गळ्याखालून एक पांढरी पिशवी खाली खाली येऊ लागली. त्याच्या जिभेखाली त्या पिशवीचं तोंड असतं, तिथून तो हवा भरतो. ती छातीखाली उतरली, पार पायांपर्यंत लोंबायला लागली. ती हिंदकळवत तो चार पावलं चालला, थांबला, आणि मग आवाज आला. "हूंऽम." कानापेक्षा छातीला आधी जाणवावा असा. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा. अर्धा किलोमीटर लांबूनही तो ऐकू येतो. महाराष्ट्रात काही ठिकाणी या पाखराला 'हूम' म्हणतात, ते यावरूनच. पहारेकऱ्यानं माझं मनगट धरलं होतं. रोज बघणारा माणूस, पण त्याचाही हात थरथरत होता.

बऱ्याच वेळानं गवतातून एक मादी निघाली. नराच्या मानानं निम्म्याहून लहान. चालत आली, थांबली, एक टोळ टिपला, पुन्हा थांबली. तो हुंकारत होता. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि ती आली त्या वाटेनं परत गेली. तो नाचतच राहिला.

"मग? दुसऱ्या दिवशी आली का?" नातीनं माझी बाही ओढली.

दुसऱ्या दिवशी मला कामावर जायचं होतं. पण एवढं सांगू शकतो की जी मादी नराला पसंत करते, ती एकटी जमिनीवर, बहुतेक एकच अंडं घालते. सत्तावीस दिवसांच्या आसपास एकटीच उबवते. गाय-म्हैस चरत जवळ आली तर पंख पसरून तिच्यासमोर उभी राहते. वर्षाला एक अंडं, तेही उघड्यावर. ज्याचा वंश असा चालतो त्याला माळ शाबूत लागतो, आणि माळ आपण शाबूत ठेवला नाही. कुठं पाणी आलं आणि ऊस लागला. कुठं गवत म्हणजे ओसाड जमीन समजून झाडं लावली. वरून विजेच्या तारा गेल्या. या कुळातल्या पाखरांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. उडताना ती खालची जमीन न्याहाळतात, समोरची तार त्यांना वेळेत दिसत नाही, आणि एवढं जड अंग ऐन वेळी वळवता येत नाही. आज सगळ्या देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडं. तिथं आता अंडी उबवून पिलं वाढवायचं केंद्र आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. त्यासाठी नराला मादीच्या पुतळ्याची सवय करावी लागली. त्या पिलाची बातमी मी तीनदा वाचली. नान्नजचा तो उंचवटा अजून आहे, गवतही आहे. मी मधूनमधून जाऊन बसतो.

पोरं गप्प झाली. तेवढ्यात ऊन माळावर आलं आणि आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवरच्या एका धोंड्यावरून काहीतरी सरळ वर उडालं. चिमणीपेक्षाही लहान. मी दुर्बीण नातीच्या हातात दिली.

"पोट काळंय. डोकं राखेसारखं. डोळ्यावरनं काळी पट्टी."

डोंबारी. चंडोलाच्या कुळातला, आपल्या बरडाचा कायमचा रहिवासी. तो तीस-एक मीटर वर गेला, पंख अंगाशी घट्ट मिटले आणि डोकं खाली करून दगडासारखा पडला. नातीनं श्वास रोखला. मध्येच त्यानं पंख उघडले, त्याच वेगावर झोका घेऊन पुन्हा वर चढला, पुन्हा पडला, पुन्हा चढला. एकेका झोक्याबरोबर बारीक गोड शीळ. जमीन वीतभर राहिली तेव्हा आडवा झाला आणि त्याच धोंड्यावर अलगद टेकला. काल यात्रेत तारेवर चालणारं पोर बघितलं होतं दोघांनी. या पाखराला डोंबारी हे नाव का पडलं ते सांगावं लागलं नाही.

"ह्येचा पण लेक असतो का?"

नाही. हा घरचा माणूस आहे. याची मादी अंड्यावर बसते तसा हाही पाळीनं बसतो. पण निवड व्हायच्या आधी टिचकी यालाही खावी लागते.

नातवानं मोजायला सुरुवात केली. दुसरी उडी, तिसरी, चौथी. ऊन तापायला लागलं, पोतं गरम झालं. मी म्हटलं चला, आजी चहाला थांबली असेल. नातीनं दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही, नुसता हात वर केला.

धोंड्याच्या सावलीत गवताचं एक थोंब होतं. त्याच्या बुडाशी मातीच्याच रंगाची एक चिमुकली मादी उभी होती. केव्हापासून होती कोण जाणे. डोंबारी पडत होता, चढत होता. ती मान तिरकी करून वर बघत होती.

"आबा," नात हळूच म्हणाली, "ही ऐकायलीय."

आम्ही पुन्हा खाली बसलो.