हवेतला वास आणि कुलूपबंद ग्रंथालय

रसायनीहून खालापूरकडे येताना हवेत द्रावकांचा वास आला की आम्ही नाकाला रुमाल लावतो. टोल्युइनसारखी वाफ पकडायला सक्रिय कोळसा चालतो. पण त्याची छिद्रे लहानमोठी, म्हणून तो फारशी निवड करत नाही. धातू आणि सेंद्रिय दुवे जोडून केलेल्या जाळीदार स्फटिकात मात्र छिद्राचे माप ठरवता येते. मोठा रेणू दाराबाहेर राहतो. मावणारा आतल्या भिंतींना चिकटतो आणि तापवल्यावर सुटतो.

१९९९ मध्ये असा भक्कम स्फटिक घडवणाऱ्या ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांसोबत मिळाले. अम्मानमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांचा हा मुलगा दहाव्या वर्षी शाळेच्या एरवी कुलूपबंद ग्रंथालयात गुपचूप शिरला आणि रेणूंची चित्रे पाहून हरखला. कर्जत-खालापुरातल्या आपल्या शाळांची पुस्तकांची कपाटे उघडी ठेवू या.