शेडमाकेंचे बंड आणि गोंड समाजाची वीण

नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि चांद्याच्या जंगलपट्टीतल्या गोंड जमीनदारांचा जुना अधिकार डळमळला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले ते याच पार्श्वभूमीवर. अधिकार गेल्याच्या गाऱ्हाण्यांतून बंडाचे कारण कळते, माणसे कशी जमली ते कळत नाही. गोंडांत कुळे पूज्य देवांच्या संख्येवरून, म्हणजे चार, पाच, सहा, सात देवे अशी ओळखली जातात. सोयरीकही त्यावरच ठरते. गावोगाव पसरलेले हे नातेच, हाकेला धावणारे, बंडाचा सांगाडा झाले असावे. मात्र धर्म-संस्कृतीने सगळे उलगडत नाही: अहेरीची जमीनदारीही गोंडच, तरी तिथल्या राणी लक्ष्मीबाईंनी इंग्रजांना साथ दिली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात बाबुरावांना फाशी झाली.