वयावर ढकललेली धाप

जेजुरीच्या पायऱ्यांवर, भर गर्दीच्या दिवशीसुद्धा, लक्षपूर्वक पाहणाऱ्याच्या नजरेतून एक गोष्ट सुटत नाही. पन्नाशी ओलांडलेली एखादी बाई दीपमाळ न्याहाळण्याच्या निमित्ताने थांबते, पुढे निघालेल्या लेकीसुनांना ‘तुम्ही व्हा पुढं, मी आलेच’ असे सांगते, पदराने कपाळ टिपते, आणि कठड्यावर हात टेकून, ओठांचा चंबू करून, हळूहळू श्वास सोडत उभी राहते. वर पोहोचलेली मंडळी तिची वाट पाहतात, ‘आईंचं आता वय झालं’ असे कोणीतरी म्हणते, आणि मामला तेथेच निकालात निघतो. वस्तुतः त्याच पायऱ्या तिच्या वयाच्या, किंबहुना तिच्याहून वडील असलेल्या कितीतरी बायका न थांबता चढून गेलेल्या असतात. परंतु धाप एकदा वयाच्या खात्यावर मांडली, की तिची चौकशी करण्याचे प्रयोजन कोणाला उरत नाही. ही चौकशी व्हावी, वेळेवर व्हावी, आणि अंदाजावर न भागवता मोजमापाने व्हावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा आग्रह आहे.

ज्या विकाराविषयी येथे लिहावयाचे आहे, त्याला वैद्यकीय व्यवहारात सीओपीडी म्हणतात. फुप्फुसांतील वायुमार्ग कायमचे अरुंद होत जाण्याचा हा दीर्घकालीन रोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 या एका वर्षात जगातील सुमारे 35 लाख माणसे त्याने दगावली आणि मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक चौथा लागला. सत्तरीच्या आत जे या रोगाने जातात, त्यांच्यापैकी शंभरातले जवळजवळ नव्वद अल्प व मध्यम उत्पन्नाच्या, म्हणजे आपल्यासारख्या देशांतले असतात. असे असूनही मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे नाव जसे घरोघर झाले, तसे याचे झालेले नाही. खेड्यात त्याला सरसकट ‘दमा’ म्हणतात, शहरात ‘ॲलर्जी’ म्हणतात, आणि दोन्हीकडे खोकल्याची बाटली आणून हंगाम निभावून नेतात.

श्वास आत घेणे हे स्नायूंचे काम आहे. तो बाहेर सोडणे मात्र, स्वस्थ बसलेल्या माणसात, फुप्फुसांच्या स्वाभाविक लवचीकपणावर सोपवलेले असते. श्वासनळीला फाटे फुटत फुटत ज्या सूक्ष्म नलिका होतात, त्यांपैकी दोन मिलिमीटरांहून बारीक अशा नलिकांत हा रोग प्रथम ठाण मांडतो. वर्षानुवर्षे धूर लागून त्यांच्या भिंती सुजतात, जाड होतात, आत कफ साचतो, आणि त्यांना चहूबाजूंनी ताणून उघड्या ठेवणारे वायुकोशांचे जाळे झिजून तुटत जाते. मग आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. त्या शिल्लक हवेवरच पुढचा श्वास घ्यावा लागतो, शिल्लक आणखी वाढते, आणि माणसाला वाटते की आपल्याला हवा मिळत नाही, वास्तविक अडचण आतली हवा निघत नाही ही असते. ओठांचा चंबू करून श्वास सोडणे ही शरीराने आपण होऊन शोधलेली युक्ती आहे. तिने नलिकांत थोडा दाब टिकून राहतो व त्या मिटत नाहीत. या सूक्ष्म नलिकांची संख्या मात्र इतकी अफाट आहे, की त्यांतील पुष्कळशा निकामी होईपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही, आणि छातीचा एक्स-रे तर आरंभीच्या काळात बहुधा निर्दोषच दिसतो. ‘फोटो काढला, काही निघालं नाही’ हे वाक्य ज्या घरी समाधानाने उच्चारले जाते, तेथे रोग नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

त्याहूनही अधिक गोष्टी मनुष्य स्वतःच झाकून टाकतो. धाप लागू नये म्हणून तो आपला दिनक्रम कोणाच्या नकळत, बहुधा स्वतःच्याही नकळत, आखडता घेत जातो. दळणाचा डबा डोक्यावरून नेणारी बाई तो नातवाच्या सायकलवर पाठवू लागते. दुसऱ्या मजल्यावरच्या बहिणीकडे जाणे कमी होते आणि तिलाच खाली बोलावले जाते. बाजाराची पिशवी दोन फेऱ्यांत विभागली जाते. भजनात टाळ चालू राहतो, पण लांब तान कोणी दुसरा घेतो. अशा माणसाला ‘दम लागतो का?’ असे विचारले, तर तो अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, कारण दम लागेल असे काही त्याने शिल्लकच ठेवलेले नसते. म्हणून खरा प्रश्न ‘दोन वर्षांपूर्वी करत होता आणि आता करत नाही, असं काय आहे?’ हा आहे, आणि तो डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता घरच्यांनी विचारला पाहिजे. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नावाने ओळखली जाणारी धापेची एक प्रतवारी जगभर वापरात आहे, आणि ती कोणाही सुज्ञ माणसाला घरी लावून पाहता येईल इतकी साधी आहे. फार कष्टाच्या कामातच दम लागत असेल, तर ती पहिली पायरी; सपाटीवर झपझप चालताना किंवा जराशा चढावर लागत असेल, तर दुसरी; समवयस्कांच्या बरोबरीने चालता येत नाही, आपल्या चालीने चालतानाही थांबावे लागते, ही तिसरी; शंभर मीटरांवर किंवा दोन-चार मिनिटांत थांबावे लागते, ही चौथी; आणि अंगावरचे कपडे बदलतानाही दम लागतो, घराबाहेर पडवत नाही, ही शेवटची. लोक डॉक्टरांकडे बहुधा चौथ्या पायरीवर रुजू होतात. जावयास हवे ते दुसरीवर.

खोकल्याचेही तसेच. सलग दोन वर्षे, दर वर्षी किमान तीन महिने, बहुतेक दिवशी खोकून बेडका पडत असेल, तर त्याला जुनाट श्वासनलिकादाह म्हणावे, अशी व्याख्या वैद्यकशास्त्राने केलेली आहे. सकाळी उठल्याबरोबर उबळ येते, दोन-चार बेडके पडले की छाती मोकळी होते, आणि मग मनुष्य पहिली विडी पेटवतो: हा क्रम विडी ओढणाऱ्यांच्या घरात इतका अंगवळणी पडलेला असतो, की त्याला कोणी खोकला म्हणतच नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासावी, हा क्षयरोगाच्या मोहिमेने दिलेला धडा आता पुष्कळ ठिकाणी रुजला आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु थुंकीत जंतू सापडले नाहीत की रुग्णाला ‘टीबी नाही’ एवढा दिलासा देऊन परत पाठवले जाते, आणि मग खोकला कशाचा हा प्रश्न तसाच दप्तरात राहतो. ज्यांना पूर्वी क्षय होऊन बरा झाला, त्यांच्या फुप्फुसांत राहिलेल्या व्रणांमुळेही पुढे वायुमार्ग अरुंद होतात, हेही येथे नमूद केले पाहिजे.

हा रोग विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा, ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि तिच्या उरलेल्या अर्ध्या भागाने आपल्याकडील स्त्रियांचे फार नुकसान केले आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये या विषयाचा जो परामर्श घेतला, त्यात सीओपीडीच्या रुग्णांपैकी शंभरातले 25 ते 45 जण कधीच धूम्रपान न केलेले असतात, असा अंदाज मांडला होता; लाकूड, गोवऱ्या आणि पिकांचा पालापाचोळा यांच्या धुराच्या सान्निध्यात राहणारे लोक तेव्हा जगात सुमारे तीनशे कोटी होते, तर तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी. आपल्या खेड्यातल्या स्वयंपाकघरात क्षणभर उभे राहिले, तरी या आकड्यांची खातरजमा होते. आढ्याची लाकडे डांबर फासल्यासारखी काळी, खिडकी असलीच तर भांड्यांच्या फळीने झाकलेली, चुलीला लागून वैल, शेजारी तुराट्यांचा भारा. पावसाळ्यात सरपण ओले, म्हणून ते धुमसते. धुमसते म्हणून बाई फुंकणी घेऊन ओणवी होते, आणि प्रत्येक फुंकरीनंतरचा खोल श्वास त्या धुरातच घेते. असे दिवसातून दोनदा, लग्न होऊन आल्यापासून तीस-चाळीस वर्षे. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून सिलिंडर घरोघर पोहोचले हे खरे. पण तो पुन्हा भरून आणणे परवडत नाही म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी अनेक घरांत अद्याप चालू आहे, आणि फुप्फुसांच्या दृष्टीने तिचा फायदा फारच थोडा. या बाईला दवाखान्यात ‘विडी-सिगारेट ओढता का?’ असे विचारतात, ती लाजून ‘नाही’ म्हणते, आणि संशय तेथेच संपतो. ‘स्वयंपाक कशावर करता, किती वर्षं केला?’ हा प्रश्न प्रत्येक केसपेपरवर असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. शहरातील वाचकांनी मात्र स्वतःला निर्धास्त समजू नये: बंद खोलीत जाळलेल्या एका मच्छर कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या धुरातील कणांइतके भरतात, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते.

जाता जाता कबुतरांविषयी. 2025 साली दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून मुंबईत जो वाद पेटला, त्यात भूतदयेची बाजू जितक्या तळमळीने मांडली गेली, तितक्या स्वच्छपणे ही गोष्ट लोकांपुढे आली नाही, की कबुतरांची पिसे व वाळलेली विष्ठा यांतील कणांनी काही माणसांच्या फुप्फुसांत वेगळ्याच प्रकारचा दाह होतो. तो सीओपीडी नव्हे. त्यात फुप्फुसे कडक होत जातात, कोरडा खोकला येतो, आणि वेळीच कारण दूर केले नाही तर झालेली हानी भरून येत नाही. खिडकीत किंवा एसीच्या पेटीवर कबुतरे बसत असतील, तर धापेची हकिकत सांगताना तीही सांगावी.

आता तपासणीविषयी. लंडनचा वैद्य जॉन हचिन्सन याने 1846 साली आपल्या श्वासमापक यंत्रावर दोन हजारांहून अधिक माणसांची फुप्फुसे मोजून दाखवली आणि माणसाच्या उंचीशी त्या मापाचे प्रमाण असते हे सिद्ध केले. फ्रान्समध्ये तिफनो याने 1947 साली, एकंदर किती हवा निघते एवढेच न पाहता, पहिल्या एका सेकंदात किती निघते हे पाहण्याची कल्पना मांडली. स्पायरोमेट्री नावाची आजची तपासणी या दोन पायांवर उभी आहे. सुई नाही, रक्त नाही, वेदना नाही. रुग्णाला ताठ बसवून नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात, छाती भरून श्वास घ्यावयास सांगतात, आणि मग तंत्रज्ञ अक्षरशः ओरडू लागतो: ‘फुंका, जोरात, अजून, अजून, थांबू नका!’ निदान सहा सेकंद फुंकत राहावे लागते, डोळ्यांत पाणी येते, आणि हे तीन वेळा चांगले जमेपर्यंत पुन्हा करावे लागते. पहिल्या खेपेस जमले नाही म्हणून ओशाळण्याचे कारण नाही. नंतर श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध पंपाने देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकवतात. औषधानंतरही पहिल्या सेकंदाची हवा एकंदर हवेच्या 70 टक्क्यांहून कमी भरली, तर अवरोध कायमचा आहे असे धरतात. औषधाने तो पुष्कळसा दूर झाला, तर दम्याचा विचार करतात. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर हे आधी सांगावे. तेव्हा ही तपासणी पुढे ढकलतात.

चाळिशी उलटली आहे, धुराशी, विडीशी किंवा धुळीच्या कामाशी अनेक वर्षांचा संबंध आहे, आणि वर सांगितलेल्यांपैकी एखादे लक्षण आहे, एवढे पुरेसे समजून ही तपासणी मागून घ्यावी. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील छातीच्या विभागात ती होते, तालुक्याच्या ठिकाणी मात्र यंत्र सहसा आढळत नाही. रक्तदाबाचा पट्टा जेथे आहे, तेथे हे यंत्रही असावे, ही मागणी ग्रामसभांनी आणि लोकप्रतिनिधींनी शासनदरबारी लावून धरण्याजोगी आहे.

‘कळून तरी काय उपयोग, हा रोग बरा थोडाच होतो?’ असे पुष्कळजण विचारतात. लंडनमधील कामकरी पुरुषांची आठ वर्षे तपासणी करून फ्लेचर आणि पेटो यांनी 1977 साली जे दाखवले, ते या प्रश्नाचे उत्तर आहे: गेलेली क्षमता परत येत नाही, परंतु धूम्रपान सोडल्यावर पुढील घसरणीचा वेग न ओढणाऱ्या माणसाच्या जवळपास येतो, आणि ते जितके लवकर घडेल तितकी अपंगत्वाची मुदत पुढे जाते. पंपाविषयीचा गैरसमजही येथेच दूर करावा. ‘एकदा पंप लागला की सुटत नाही’ म्हणून लोक गोळी पसंत करतात. पण सालब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असते, तर गोळीत 2 किंवा 4 मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट. सोसायचे कोणते, हे प्रत्येकाने पाहावे. त्याखेरीज फ्लू व न्यूमोनियाच्या लसी, दररोजचे चालणे आणि श्वासाचे व्यायाम यांनी रुग्णाचे दिवस निश्चित सुधारतात.

थुंकीतून रक्त, वजन झपाट्याने उतरणे, नखांखालचा भाग फुगून नखे गोलसर होणे, पाय सुजणे, किंवा ओठ निळसर पडणे यांपैकी काही दिसले, तर स्पायरोमेट्रीची तारीख मिळेपर्यंत थांबू नये; त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. आणि तपासणी झाल्यावर अहवालाचा कागद दवाखान्यात न ठेवता त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, कारण पुढील वर्षीचा आकडा कमी झाला की टिकला, हे त्या कागदाशी ताडल्यावाचून कोणत्याही डॉक्टरला सांगता येत नाही.