फोडाने नव्हे, उशिराने जीव जातो

नात्यातील एका खालूंच्या तोंडात चार महिने फोड होते. घरात सर्वांचे एकच मत – खर्रा. आपल्या गोंदियाकडे तोंडाला काही झाले की आधी खर्ऱ्यावर बोट ठेवतात, आणि बरेचदा ते खरेही असते. खालूंनी खर्रा सोडला, तोंड काही बरे होईना. मग छातीवर, पाठीवर पाण्याचे फोड उठले. ते फुटले की कपडा जखमेला चिकटे. कोणी नागीण म्हणाले, कोणी नजर. कातडीचा तुकडा तपासला तेव्हा नाव कळले : पेम्फिगस व्हल्गॅरिस.

शरीराची रोगाशी लढणारी शक्ती यात स्वतःच्याच कातडीवर उलटते. कातडीच्या पेशींना चिकटवून ठेवणारी प्रथिने ती तोडते. अनेकांत सुरुवात तोंडातूनच होते. हा आजार संसर्गजन्य नाही. खालूंचे ताट-पेला वेगळा केला होता, ते ऐकून वाईट वाटले.

स्टिरॉइड येण्यापूर्वी शंभरातील सुमारे पंच्याहत्तर रुग्ण दगावत. आता बहुतेक वाचतात. जे जातात ते मुख्यतः जंतुसंसर्गाने : उघड्या जखमांतून जंतू रक्तात शिरतात, किंवा न्यूमोनिया होतो. वय जास्त, अंगाचा मोठा भाग सोललेला, मधुमेह किंवा हृदयविकार सोबतीला, तोंड दुखते म्हणून जेवण तुटलेले – अशांना धोका अधिक. वाचवणारे स्टिरॉइडही साखर वाढवते आणि प्रतिकारशक्ती दाबते. म्हणून ताप आला, जखमेत पू दिसला, धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नये.

दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी 1980 च्या दशकात एक पद्धत रुळवली. दर 28 दिवसांनी सलग तीन दिवस स्टिरॉइडचे सलाईन, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइडही. देशभर असंख्य रुग्णांना तिने आधार दिला. आता रिटुक्सिमॅबही मिळते, मात्र ते महाग.

गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे पहिल्याच फोडाला नागपूर गाठायला नको. तीन आठवड्यांत तोंड बरे झाले नाही तर त्वचारोग विभागात दाखवावे. खर्रा खाणाऱ्याने तर नक्कीच, कारण तिथे कर्करोगाचीही शंका असते.

मला जास्त काळजी वाटते ती मधेच बंद केलेल्या गोळ्यांची. जखमा सुकल्या की घरचेच म्हणतात, पुरे झाले. बरेच दिवस घेतलेले स्टिरॉइड एकदम थांबवले तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते, आजारही उसळतो. रमजानमध्ये हे हमखास घडते. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा सूरह बकरामध्येच आहे. खालूंनी आधी ऐकले नाही, पण डॉक्टर आणि इमामसाहेब दोघांशी बोलल्यावर तयार झाले. यंदा ते सकाळी नाश्ता करून गोळी घेतात. डबा मात्र खालांच्या ताब्यात आहे.