हरीण, रानडुक्कर, वानर: सातपुड्याच्या पायथ्याशी परसबाग वाचवायची कशी?

रात्री वांग्याची रोपं वाफ्यात उभी होती, सकाळी नुसते दांडे उरले. जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात, विशेषतः उत्तरेच्या वैजापूर, सत्रासेन पट्ट्यात ही तक्रार नवी नाही. तालुक्याच्या दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे मध्य प्रदेश. पूर्वेला शेजारच्या यावल तालुक्यात १९६९ साली जाहीर झालेलं यावल अभयारण्य आहे. पश्चिमेला अनेर नदी ओलांडली की धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात अनेर धरण अभयारण्य लागतं, ते १९८६ सालचं. मधल्या गावांच्या एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला केळी-कपाशीचं शिवार आहे. केळीच्या दाट बागेत रानडुकराला दिवसाही दडून बसता येतं.

पिकांच्या नुकसानीवर बरंच बोललं जातं. घरामागच्या चार वाफ्यांवर मात्र क्वचितच. खरं तर मिरची, वांगी, गिलके, चवळी, पोकळा, डांगर एवढं घरच्या घरी निघालं, तर आठवडे बाजारातला बराच खर्च वाचतो. 'उमेद' अभियानातून बचतगटांच्या महिलांना पोषण परसबागा लावायला सांगितलं जातं, ते याचसाठी. पण या बागा ऐन उन्हाळ्यात हिरव्या राहतात. रब्बी निघालेली, डोंगरातले नाले आटलेले आणि गावात मात्र ओल्या मातीचा वास. जनावर तिकडे येणारच.

मग उपाय काय? शेतासाठी सांगितले जाणारे उपाय परसबागेला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण परसबाग लहान असते, हा तिचा मोठा फायदाही आहे.

एका गुंठ्याचा हिशेब

एक गुंठा म्हणजे साधारण ३३ फूट बाय ३३ फूट. त्याला चारही बाजूंनी कुंपण घालायचं तर १३२ फूट लागतं. एक चौरस एकर घेतला तर सुमारे ८३५ फूट. म्हणजे एकराची जागा ४० पट, पण कुंपण साडेसहा पटीपेक्षाही कमी. दर फुटामागे कुंपण परसबागेलाच महाग पडतं, हे खरं. पण एकूण खर्च इतका आटोपशीर असतो, की शेताला जे परवडत नाही ते इथे करता येतं: जाळी जमिनीत गाडणं, वरून छत टाकणं, रोज संध्याकाळी फेरी मारून भोकं बुजवणं.

आधी चोर ओळखा

उपाय चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. नुकसान रानडुकराचं आणि बांबूला बांधलेलं बुजगावणं हरणासाठी, असं झालं की पैसा आणि मेहनत दोन्ही वाया.

हरणांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ती पाला कापत नाहीत, ओढून तोडतात. खाल्लेल्या देठाचं टोक फाटल्यासारखं, तंतू निघालेलं दिसतं. सशाचे दात धारदार असतात, तो कोवळं रोप जमिनीलगत तिरपं आणि साफ कापतो. रानडुक्कर पाल्यापेक्षा मातीच्या मागे असतं. रताळी, भुईमूग, गांडुळं, हुमणी शोधत ते सोंडेने वाफा नांगरल्यासारखा उलथवून टाकतं. साळिंदर कंद उकरतं, डांगर पोखरतं, झाडाची साल तळापासून कुरतडतं आणि जाता जाता एखादा काटा टाकून जातं. मोर पेरलेलं बी उकरतो, कोवळे कोंब उपटतो. अर्धवट खाऊन फेकलेल्या शेंगा आणि मोडलेल्या फांद्या म्हणजे काळतोंडी वानरांची टोळी, आणि ती दिवसाढवळ्या येते.

ठसे पाहायचे असतील तर संध्याकाळी वाफ्याच्या कडेला बारीक माती चाळून हातभर रुंदीचा पट्टा करून ठेवावा. हरणाच्या खुराचे दोन टोकदार भाग उमटतात. डुकराचे ठसे जास्त गोल, आणि मऊ मातीत मागे दोन छोटे खड्डेही दिसतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. शेळीलाही वरचे पुढचे दात नसतात. तिच्या लेंड्या आणि खुरांचे ठसे चिंकाऱ्याशी सहज गल्लत होईल असे असतात. तेव्हा वन विभागाला फोन करण्याआधी शेजारची शेळी रात्री बांधलेली होती का, एवढं विचारून घेतलेलं बरं.

हरणाला काय अडवतं?

बोलीभाषेत आपण चितळ, सांबर, भेकर, चिंकारा, काळवीट आणि कधीकधी नीलगाय या सगळ्यांना हरीणच म्हणतो. पहिल्या तिघांची शिंगं गळतात आणि नव्याने येतात. चिंकारा, काळवीट, नीलगाय यांची शिंगं कायमची असतात. कुंपणाच्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच, की यातले बहुतेक प्राणी उत्तम उडी मारतात. चार फुटांची तार त्यांना अडवत नाही. निव्वळ उंचीवर भरवसा ठेवायचा तर सात-आठ फूट जाळी हवी.

पण हरीण उडी मारण्याआधी पलीकडे उतरायला जागा आहे का, ते पाहतं. जागा दिसली नाही किंवा फारच अरुंद वाटली तर ते सहसा धोका पत्करत नाही. राज्यात अनेक शेतकरी शेताभोवती जुन्या साड्या बांधतात, त्यामागचं खरं कारण हे. रंगांना हरणं घाबरतात असं सांगितलं जातं, पण कापडामुळे पलीकडचं दिसत नाही, हा भाग जास्त महत्त्वाचा आहे. साडीची रुंदी चार फुटांच्या आतबाहेर असते. एकच ओळ बांधली तर चितळ मान उंचावून आत पाहू शकतं. म्हणून एकावर एक दोन ओळी हव्यात. एका गुंठ्याला त्यासाठी साधारण १६ साड्या लागतात. कापड सैल सोडलं तर वाऱ्याने फाटतं, त्यामुळे सहा-सात फुटांवर बांबू आणि वर-खाली दोरी हवी. पावसाळ्यात मात्र हे कुंपण फार टिकत नाही.

परसबाग लहान असल्याचा फायदा इथे मिळतो. आत मधोमध गिलके-दोडक्याचा मांडव उभारला, एका कडेला शेवगा लावला, की मोकळी जागा आणखी तुटक होते आणि हरणाला आत उतरायला वावच राहत नाही. दुसरा मार्ग दुहेरी कुंपणाचा: चार-पाच फूट उंचीच्या दोन ओळी, मधे चार-पाच फुटांचं अंतर. एवढी रुंदी आणि उंची एका उडीत पार करणं हरणाला अवघड जातं. मधल्या पट्टीत सागरगोटा, करवंद किंवा घायपात लावली तर दोन-तीन वर्षांत जिवंत कुंपण तयार होतं. तोवर बोरी-बाभळीच्या काट्या आहेतच.

डुक्कर खालून, वानर वरून

रानडुकरासाठी उंचीचा उपयोग नाही. साडी ते सोंडेने उचलून आत शिरतं. त्याला तारेची चेनलिंक जाळी लागते, तीही फूटभर जमिनीत गाडलेली. गाडणं शक्य नसेल तर खालची फूट-दीड फूट जाळी बाहेरच्या बाजूला वाकवून जमिनीवर पसरायची आणि वर दगड रचायचे. डुक्कर कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरायला जातं आणि त्याच्याच पायाखाली जाळी असते. साळिंदरालाही हाच उपाय चालतो. फाटक हा सगळ्यात कच्चा दुवा. त्याच्या खाली फरशी बसवली नाही तर बाकीचा खर्च व्यर्थ आहे.

वानरांना कुठलंच कुंपण अडवत नाही. छतासकट जाळी टाकणं हाच टिकाऊ उपाय, आणि तो सगळ्या बागेवर परवडत नसेल तर मिरची-वांग्याच्या दोन वाफ्यांपुरता करावा. नायलॉनची जाळी सैल लोंबती ठेवू नये. तिच्यात पक्षी आणि धामणीसारखे साप अडकून मरतात, आणि धामण गेली की उंदीर वाढतात.

वास, आवाज, केस

कटिंगच्या दुकानातून आणलेले केस वाफ्याभोवती पसरणं, कुजलेल्या अंड्यांचं पाणी शिंपडणं, कुत्र्याच्या भुंकण्याचं रेकॉर्डिंग लावणं, असे उपाय गावोगाव केले जातात. ते अजिबात खोटे नाहीत, पण त्यांचा परिणाम अल्पकाळच टिकतो. आवाजामागे धोका नाही, हे प्राण्यांना काही दिवसांत कळतं. वास एका पावसात जातो. रोपं कोवळी असताना पंधरा-वीस दिवस निभावून न्यायला हे ठीक, जागा आणि प्रकार बदलत राहिलं तर अजून थोडे दिवस.

थिमेटच्या पुरचुंड्या टांगणं मात्र पूर्णपणे टाळायला हवं. थिमेट म्हणजे फोरेट, अतिविषारी कीटकनाशक. भारतात २०२० च्या अखेरीपासून त्यावर बंदी आहे. ज्या वाफ्यातली मेथी संध्याकाळी ताटात येते आणि जिथे लेकरं खेळतात, तिथे ते असण्याचं काहीच कारण नाही.

झटका मशीन चालेल, आकडा नाही

सौरऊर्जेवर चालणारं झटका मशीन तारेत साधारण सेकंदाला एकदा, अगदी क्षणभर विजेचा ठोका सोडतं. प्राण्याला जोराचा चटका बसतो, पण दोन ठोक्यांच्या मधे त्याला मागे हटता येतं. घराजवळ ते लावायचं तर प्रमाणित मशीनच घ्यावं, त्याचं अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून वेगळं आणि लांब असावं, पाटी लावावी आणि लहान मुलं वावरतात त्या बाजूला तार नसावी. तारेला टेकणारं गवत कापलं नाही तर झटका जमिनीत जातो आणि तार नुसती शोभेची उरते.

घरच्या लाइनवरून किंवा खांबावर आकडा टाकून कुंपणात थेट वीज सोडणं ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे २३० व्होल्टचा अखंड प्रवाह असतो. रात्री पाणी द्यायला निघालेला माणूस, शेजारचा बैल, कुणीही त्यात जातं. माणूस दगावला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. वीजचोरी आणि वन्यजीव गुन्हा वेगळाच.

फास, सापळे आणि फळात दडवलेले गावठी बॉम्ब यांनाही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारच म्हटलं जातं. चिंकारा, काळवीट आणि मोर अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. रानडुक्कर आणि नीलगाय अनुसूची २ मध्ये येतात. पिकाचं नुकसान करत असतील तर त्यांना मारण्याची परवानगी मिळू शकते, पण ती मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी देतो. परवानगीशिवाय उचललेलं पाऊल गुन्हा ठरतं.

भरपाई मिळते का?

शेतपिकाला मिळते. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत जवळच्या वन अधिकाऱ्याकडे तक्रार द्यावी लागते, मग पंचनामा होतो. अडचण अशी, की अर्जाला सातबारा लागतो. परसबाग बहुतेकदा गावठाणात असते आणि गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. वाड्या-पाड्यांवरच्या कुटुंबांची अडचण त्याहून मोठी. ज्या बागेवर घरातली भाजी अवलंबून आहे तिची सरकारी कागदावर नोंदच नाही, ही या व्यवस्थेतली खरी उणीव आहे. बाग शेतातल्याच घराला लागून असेल आणि गट क्रमांक असेल, तर मात्र अर्ज जरूर करावा.

वन विभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे. पंचनामा होईपर्यंत उलथलेला वाफा नीट करू नये. ठशांचे फोटो काढताना शेजारी काडेपेटी ठेवावी, म्हणजे खुराच्या आकाराचा अंदाज येतो आणि जनावर कोणतं यावरून वाद होत नाही.