माहिती चौकट : लेदर बार म्हणजे काय?

चामडी पोशाखाची आवड असलेल्या समलिंगी पुरुषांचा बार म्हणजे लेदर बार. पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यात असा बार नाही, पुणे शहरातही नाही. हे बार मूळ अमेरिकेतले. १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’मध्ये मार्लन ब्रँडो चामडी जाकीट घालून मोटारसायकलवर बसला आणि तो थाट अनेक समलिंगी पुरुषांनी उचलला. शिकागोचा ‘गोल्ड कोस्ट’ हा अशा पहिल्या बारपैकी एक. फिनलंडच्या टोउको लाक्सोनेन ऊर्फ ‘टॉम ऑफ फिनलंड’ने रेखाटलेले चामडी पोशाखातले पिळदार गडी तर २०१४ मध्ये तिथल्या टपाल तिकिटांवर झळकले!

अशा बारमध्ये दिवे मंद, गप्पा कमी. ‘क्रूझिंग’ म्हणजे नजरेने जोडीदार शोधणे. मागच्या खिशातला रुमालही बोलतो : रंगावरून आवड कळते, डाव्या-उजव्या खिशावरून भूमिका. नजर वळवली की नकार समजायचा. फोटो काढणे बहुतेक ठिकाणी वर्ज्य.

आपल्याकडे मुंबईत नव्वदच्या दशकात कुलाब्याच्या ‘वूडू’मध्ये शनिवारी रात्री समलिंगी पुरुष जमत. तिथे चामडे कुणी फारसे घालत नसे; मुंबईच्या दमट हवेत ते सोसवणारही नाही म्हणा.

कायद्याचे : ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांचे संमतीने, खासगीत ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असे अश्लील कृत्य मात्र कुणीही केले तरी गुन्हाच. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वय २१ पूर्ण हवे, व्हिस्की-रमसाठी २५.

पुण्यात २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ने समलिंगी पुरुषांसाठी काम सुरू केले.